गवतावरची खुर्ची

दारावर टकटक झाली आणि ग्लेनिसच्या हातातला अर्धा सोललेला बटाटा सिंकमध्ये पडला. या आठवड्यात कोणी कोणाचं दार वाजवत नाही. नगर कौन्सिलची जुनं सामान उचलणारी मोठी गाडी वर्षातून एकदा येते. त्याआधीचे सात-आठ दिवस अख्खा रस्ता आपापलं जुनंपानं घरासमोरच्या गवताच्या पट्टीवर आणून टाकतो, आणि ज्याला जे हवं त्याने ते उचलून न्यावं. त्याची एक रीत ठरून गेलेली आहे. नेणारा गाडी हळू करतो, ढिगाकडे नजर टाकतो, पुढे जातो, वळसा घालून परत येतो. टाकणारा घरातच असतो, पण नसल्यासारखा वागतो. नजरानजर होऊ नये एवढं दोघांनी सांभाळायचं. पडद्याआडून बघत राहणं म्हणजे तर निव्वळ असभ्यपणा, आणि ग्लेनिसने तो आयुष्यात कधी केला नव्हता. आज मात्र सकाळी साडेनऊपासून ती स्वयंपाकघरातल्या जाळीच्या पडद्याआड उभी होती. मध्ये दोनदा चहा केला, तोही उभ्यानेच प्यायला. एक माणूस पंखा घेऊन गेला, एक जोडपं कुंड्या घेऊन गेलं, दुपारी कोणीतरी इस्त्रीचं टेबल उचललं. दर वेळी खुर्चीला कोणी हात लावला नाही म्हणून तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

खुर्ची लायलची होती. लायल तिचा नवरा, बावन्न वर्षांचा. म्हणजे संसार बावन्न वर्षांचा, तो स्वतः अठ्ठ्याहत्तरचा. खुर्ची तपकिरी कापडाची, जाडजूड हातांची, बटण दाबलं की खालून हळूहळू उचलत माणसाला पायांवर उभं करणारी. कंपवाताने पाय ऐकेनासे झाले तशी ती खुर्चीच त्याचे पाय झाली होती. तिच्यातून उठायचा, तिच्यात येऊन पडायचा. दोन्हींच्या मधलं सगळं ग्लेनिसने करायचं, आणि तिने ते केलंही, पाच वर्षं. मग ऐन उन्हाळ्यात, फेब्रुवारीतल्या त्या भाजून काढणाऱ्या दुपारी तो बाथरूममध्ये पडला. तिने काखेत हात घालून उचलून बघितलं, टॉवेल बांधून ओढून बघितलं, आणि शेवटी जेव्हा तिच्याही कमरेत सणकन् कळ आली तेव्हा ती त्याच्या शेजारी फरशीवर आडवी झाली. फरशी गार होती. त्याच्या डोक्याखाली तिने पायपुसणं घडी करून ठेवलं. दोन तास ते तसे पडून होते. लायल त्यांच्या जुन्या कुत्र्याबद्दल बोलत राहिला, तो पण असाच उन्हाळ्यात इथे येऊन पसरायचा म्हणाला. ती हसलीसुद्धा. समोरच्या ब्रुनोला हाक ऐकू गेली तेव्हा पाच वाजत आले होते. त्यानंतर लायल गेला तो म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये, थोडे दिवस, तिची कंबर बरी होईपर्यंत असं ठरवून. कंबर बरी झाली. थकवा गेला नाही. सकाळी उठल्या उठल्याच तो अंगावर असायचा, आणि ऑगस्टमध्ये जेव्हा होमच्या बाईने कायमचा पलंग मोकळा झालाय म्हणून सांगितलं तेव्हा ग्लेनिसने तिच्याच पेनाने सही केली. लायलला काही सांगितलं नाही. त्याचं डोकं शाबूत होतं, घड्याळासारखं चालत होतं, हेच तर सगळ्यात अवघड होतं. रोज साडेपाचला ती जायची, रोज तो विचारायचा, "मग, घरी कधी?" आणि रोज ती म्हणायची, "डॉक्टर बघतायत." आधी मार्चमध्ये ते खरं होतं. नंतर अर्धं खरं झालं. आता गाडी होमच्या फाटकात वळली की तिच्या जिभेवर ते वाक्य आपोआप येऊन बसायचं, आणि परत येताना तोंड कडू झालेलं असायचं.

ब्रुनो सकाळी ढकलगाडी घेऊन आला होता. सगळी हयात लोकांच्या घरी टाइल्स बसवण्यात गेलेली, गुडघे कामातून गेलेले, तरी हाक मारली की येणारच. खुर्ची दाराच्या चौकटीतून तिरकी काढताना तो म्हणाला, "लायलला सांगितलंस?"

"सांगते."

"म्हणजे नाही सांगितलंस."

"तू तुझं टोक सांभाळ रे. भिंत खरवडतोयस."

"भिंत मी रंगवून देईन. लायलला रंग नाही लावता यायचा." मग गवतावर खुर्ची सरळ ठेवून, हात झटकत, "चिठ्ठी लिहू का? चालू आहे म्हणून?"

"राहू दे," ती म्हणाली, आणि ब्रुनोने तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं. कारण चिठ्ठीचीही एक रीत आहे, आणि या रस्त्याला ती लायलनेच घालून दिलेली. विजेवर चालणारी वस्तू बंद असेल तर वायर बुडातून कापून ठेवायची, म्हणजे कोणी बिचाऱ्याने ती उगाच घरापर्यंत वाहून नेऊ नये. चालू असेल तर चिठ्ठी लावायची. आणि वायरही शाबूत, चिठ्ठीही नाही, असं असेल तर नेणाऱ्याने दार वाजवून विचारायचं. एरवी लायलला कशाचंच एवढं वेड नव्हतं. मिडलँडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून तीस वर्षं काढलेला, चर्चला न जाणारा, मतदानाला कुरकुरत जाणारा माणूस. पण हा आठवडा आला की त्याचा सणच असायचा. ग्लेनिसला गाडीत शेजारी बसवून तो सगळ्या उपनगरातून हळूहळू फिरायचा. एका ढिगातून एकच वस्तू घ्यायची. दुसरी हवी असेल तर संध्याकाळपर्यंत थांबायचं, तोवर आणखी कोणाला गरज असेल. मधलं काही ओढून ढीग पाडायचा नाही. खण तिथे उभं राहून उघडायचे नाहीत. एकदा घरी आणलेल्या कपाटाच्या खणात त्याला कोणाच्यातरी लग्नाचे फोटो सापडले, तर जेवण सोडून तो परत गेला आणि त्या घराच्या पत्रपेटीत ते गुपचूप टाकून आला. तिने चेष्टा केली होती, कचऱ्याचा पाद्री म्हणून. तो म्हणाला होता, "ग्लेन, माणसाने टाकलं म्हणून ते लगेच आपलं नसतं होत. मध्ये थोडा वेळ ते कोणाचंच नसतं. त्या वेळात जपून वागावं."

ही खुर्चीसुद्धा अशीच आली होती, मॉर्लीतल्या एका घरासमोरून. तिच्यावर चिठ्ठी होती, म्हाताऱ्या, थरथरत्या अक्षरात. लायलला तेव्हा नुकतंच निदान झालं होतं. पाय अजून धड होते, पण त्याने खुर्ची बघितली आणि गाडी थांबवली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. त्या घरातला पडदा हलला होता. "बघतंय कोणीतरी," ग्लेनिस म्हणाली होती, "चल, उचल लवकर, मागे ती पांढरी गाडी आलीये बघ." लायलने मात्र खाली उतरून आधी टोपी काढली, पडद्याकडे बघून मान लववली, आणि मगच खुर्चीला हात लावला. तिला तेव्हा त्या पडद्यामागच्या बाईचा विचारही शिवला नव्हता. मागच्या सीटवर खुर्ची बसेल का, एवढाच हिशेब तिच्या डोक्यात होता. आज तो पडदा तिला दिवसभर आठवत होता. एवढी वर्षं आपण किती घरांसमोरून काय काय उचलून आणलं, आणि एकदाही आत कोण उभं असेल असं मनात आलं नाही, याची तिला खरोखरीची लाज वाटत होती.

पुन्हा टकटक झाली. ग्लेनिसने हात पुसले आणि दार उघडलं.

दारात चाळिशीची एक धिप्पाड बाई उभी होती. अंगात रस्त्याच्या कामावर घालतात तसलं चकचकीत नारिंगी जॅकेट, पायात रबरी चप्पल, केस वर बांधलेले. चेहरा माओरी लोकांचा, रुंद, मोकळा. बोलण्यातूनही न्यूझीलंड लपत नव्हतं.

"आंटी, सॉरी हं, त्रास देते. मी मेरेआना. पलीकडच्या बॉटलब्रशच्या झाडांच्या रस्त्यावर राहते. ती खुर्ची आहे ना तुमची, तिची वायर कापलेली नाही आणि चिठ्ठीपण नाही. म्हटलं विचारावं. चालू आहे का?"

किती साधा प्रश्न. पंख्याबद्दल कोणी विचारलं असतं तर तिने खिडकीतूनच हो म्हणून सांगितलं असतं. पण 'हो' म्हणायचं म्हणजे आपल्या तोंडाने म्हणायचं, एका जिवंत माणसाच्या तोंडावर, आणि मग ती उचलून नेईपर्यंत बघत उभं राहायचं. न बोलता कोणी नेली असती तर ती गेली असती, बस. ग्लेनिसला आपला आवाज ऐकू आला.

"नाही गं. बंद आहे. मोटर गेलीये."

"अरेरे." मेरेआनाचा चेहरा खरोखर उतरला. "माझ्या बाबांसाठी बघत होते. ते आलेत माझ्याकडे राहायला. एवढा मोठा माणूस, आयुष्यभर मेंढ्या भादरल्या, आता सोफ्यातून उठायचं तर मी आणि माझा नवरा दोघं लागतो. जाऊ दे. पण बरं केलंत, खरं सांगितलंत. लोक गप्प बसतात, मग आपण ओझं घरी नेऊन कपाळाला हात लावायचा."

"हो ना," ग्लेनिस म्हणाली.

दार लागलं. पाय तिला आपसूक खिडकीकडे घेऊन गेले. मेरेआना ढिगापाशी गेली, कुंड्या नेणाऱ्या जोडप्याने विस्कटलेली खोकी तिने नीट रचली, खुर्चीच्या पाठीवर प्रेमाने एक चापट मारली. मग ती आपल्या गाडीशी गेली आणि कटर घेऊन आली. ग्लेनिसला कळायला क्षणभर उशीर झाला. मेरेआना गुडघ्यावर बसली, वायर बुडाशी धरली आणि एका झटक्यात कापली. बंद वस्तूची वायर कापून ठेवायची. मालकाने नसेल कापली तर ज्याला कळलं त्याने कापायची. पुढचा माणूस फसू नये. तुकडा गुंडाळून तिने तो खुर्चीच्या गादीवर ठेवला, खिडकीकडे बघून हात हलवला आणि पुढच्या ढिगाकडे निघाली. लायलने शिकवून तयार केली असती तरी याहून नीट वागली नसती.

ग्लेनिस बाहेर आली. वारा समुद्राकडून सुटला होता, ढिगातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या फडफडत होत्या. तो गुंडाळलेला तुकडा हातात घेऊन ती उभी राहिली, आणि मग तिथेच खुर्चीत बसली. रस्त्याच्या कडेला, फुटक्या खोक्यांच्या आणि जुन्या गाद्यांच्या मध्ये. कितीतरी महिन्यांत ती या खुर्चीत बसली नव्हती. लायल असताना ती त्याची होती, आणि तो होममध्ये गेल्यावर ग्लेनिस फक्त खुर्चीभोवतीने झाडू फिरवायची. गादीत त्याच्या अंगाचा खड्डा पडलेला होता आणि तो तिला मोठा होत होता. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते वेगळंच, एक जडशीळ सुस्ती. वाटलं, बसूनच राहावं, सोमवारी गाडी येईपर्यंत. ठेवायची पण हिंमत नाही, द्यायची पण नाही, आणि त्या पायी कोणाचा तरी म्हातारा बाप सोफ्यात अडकून बसणार. तिला आपली किळस आली. एक निळी गाडी हळू झाली, चालवणाऱ्याने ढिगाकडे नजर टाकली, त्यात बसलेली बाई बघितली, झटकन् मान वळवली आणि वेग वाढवला.

"काय गं," ब्रुनो फाटकातूनच ओरडला, "तुलापण नेणार की काय कौन्सिलवाले?"

"वजन जास्त म्हणून सोडून जातील."

तो लंगडत रस्ता ओलांडून आला. तिच्या हातातला वायरचा तुकडा त्याने बघितला, मग खुर्चीचं बूड बघितलं.

"हे कोणी केलं?"

"मी बंद आहे म्हणून सांगितलं."

ब्रुनोने डोक्यावरची टोपी मागे सारली. "तुझ्यासारखी बाई खोटं बोलली की त्याचा असा खर्च येतो. आमच्यासारख्यांना सवय असते. ऊठ. वायर काय, दहा मिनिटांचं काम. माझ्याकडे विजेच्या जुन्या किटलीची आहे. कुठे गेली ती बाई?"

मेरेआना चार घरं पुढे होती, एक सायकल उलटीपालटी करून बघत होती. ग्लेनिस चालत तिच्यापर्यंत गेली. चार घरांचं अंतर तिला फार लांब वाटलं. खोटं पकडलं जाणं वेगळं, आणि चालत जाऊन ते हातात नेऊन देणं वेगळं. बोलायला काही शब्द जुळवावेत म्हणून तिने प्रयत्न केला, पण तेवढाही दम नव्हता.

"ती चालू आहे," ती म्हणाली. "खुर्ची. मी खोटं बोलले."

मेरेआनाने सायकल खाली ठेवली. "आई गं. आणि मी वायर कापली! सॉरी आंटी, अहो मला वाटलं..."

"तू कशाला सॉरी म्हणतेस?"

"कापली ना मी! चालू खुर्चीची!" मग तिचा आवाज खाली आला. ती जवळ आली. "अंकलची आहे का? गेले का ते?"

"नाही. आहेत. होममध्ये आहेत. परत नाही यायचे." हे वाक्य ती आजवर कोणापुढे बोलली नव्हती, आणि बोलली ती एका सायकलपाशी, एका अनोळखी बाईपुढे. "तू ने. ब्रुनो वायर बसवून देतोय. डावीकडचं बटण जरा अडकतं, दोनदा दाबावं लागतं. तुझ्या बाबांना होईल."

मेरेआनाने हातमोजे काढले, एकात एक घातले.

"अंकलना माहीत आहे?"

ग्लेनिस हातातला वायरचा तुकडा उलगडू लागली.

"मग मला नाही नेता यायची," मेरेआना म्हणाली. "रागावू नका हं. गेलेल्या माणसाची वस्तू वेगळी. त्यांच्या घरच्यांनी दिली की झालं. पण माणूस जिवंत आहे, आणि त्याची खुर्ची त्याला न विचारता... बाबा मला पहिलं हेच विचारतील, कोणाची, त्याने दिली का. आणि मी नाही म्हटलं तर ते बसायचे नाहीत तिच्यात. उभेच राहतील म्हातारे, हट्टाने. तुम्ही विचारा त्यांना. मी उद्या येते. नाही म्हणाले तर नाही, त्यात काय."

"आज ती गवतावर आहे, कोणीतरी नेईल."

"मग आत घ्या. चला, मी धरते."

मेरेआनाने आणि ब्रुनोने ती परत आत नेऊन ठेवली, नेमकी जिथून काढली होती तिथेच, गालिच्यावर चार पायांचे चार ठसे होते त्यांच्यावर. ब्रुनोने भिंतीला आणखी एक ओरखडा पाडला.

होममध्ये जेवणं साडेपाचला सुरू होतात. ग्लेनिस पोचली तेव्हा लायलच्या पुढ्यात खिम्याची ताटली होती, कुस्करलेले बटाटे होते आणि झाकलेल्या वाटीत कस्टर्ड. तो चमचा तोंडापर्यंत नेण्याच्या कामात गढलेला होता. त्याच्या हाताला वेळ द्यावा लागायचा, मध्ये बोलायचं नाही, हे तिला माहीत होतं. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. खोलीला औषधांचा आणि उकडलेल्या भाज्यांचा वास होता, जेवणाच्या ढकलगाडीच्या चाकांचा कुईकुई आवाज पॅसेजमधून येत-जात होता. घास गिळून झाल्यावर तो म्हणाला, "आज गुरुवार. ढीग लागले असतील."

"लागलेत."

"कसा आहे या वर्षी माल?"

"बरा आहे. कोपऱ्यावरच्यांनी अख्खं टेबल टाकलंय, सहा खुर्च्यांसकट."

"लाकूड कुठलं?"

"मला काय माहीत लाकूड कुठलं. तपकिरी."

तो हसला. "आणि आपलं? तू काय काढलंस?"

"पंखा. कुंड्या. इस्त्रीचं टेबल." तिने त्याच्या रुमालाची घडी केली, उलगडली, परत केली. "खुर्ची."

त्याचा चमचा ताटलीवर वाजत राहिला, हाताच्या थरथरीने, टिकटिक, टिकटिक. मग त्याने तो खाली ठेवला.

"कोणी नेली?"

"नाही नेली अजून. एक बाई आली होती. दार वाजवून विचारलं, चालू आहे का."

"दार वाजवून?" त्याच्या भुवया वर गेल्या. "चांगल्या घरची दिसते."

"मी म्हटलं, बंद आहे."

तो थांबला. तिच्या लक्षात आलं की तो पुढचं मनात जुळवतोय, पूर्वी एखादं इंजिन समोर आलं की जुळवायचा तसं. "मग तिने वायर कापली असेल."

"कापली."

लायल हसायला लागला. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते, मग खोकला लागला, तिने पाणी पाजलं, त्यातलं अर्धं त्याच्या शर्टावर सांडलं. "कटर होता तिच्याकडे? स्वतःचा?" तो विचारत राहिला, आणि ती हो म्हणत राहिली आणि शर्ट पुसत राहिली. मग तिने बाकीचंही सांगितलं, सायकल, मेंढ्या भादरणारे बाबा, सगळं. "ती म्हणते, तुला विचारल्याशिवाय नेणार नाही. म्हणून मी विचारायला आले. देऊ का?"

गाडीची चाकं दाराशी थांबली, कोणीतरी आत डोकावलं, पुढे गेलं.

"म्हणजे मी घरी येत नाहीये," लायल म्हणाला.

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "मला नाही जमत रे. मी थकले. ऑगस्टमध्ये सही केली मी. तुला सांगितलं नाही."

"माहीत आहे."

तिने वर पाहिलं.

"आधी दारावर माझ्या नावाचा कागद होता, चिकटपट्टीने लावलेला," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये तो काढून पाटी लावली. चार स्क्रू मारून. मी फिटर आहे, ग्लेन. चिकटपट्टी कशाला लावतात आणि स्क्रू कशाला मारतात, एवढं कळतं मला."

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. तिने मनात सगळ्या संध्याकाळी एकामागून एक आठवून बघितल्या, प्रत्येक फाटक, प्रत्येक वेळी जिभेवर येऊन बसलेलं ते वाक्य, आणि तिला एकदम संताप आला.

"मग रोज विचारत काय होतास? रोज! रोज मला खोटं बोलायला लावलंस! माझं काय होत होतं तुला माहीत आहे?"

लायलचा हात चादरीवर थरथरत होता, त्याने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला, तर दोन्ही थरथरायला लागले.

"तुझं उत्तर द्यायचं राहिलंय म्हणून तू रोज येतेस असं वाटायचं मला," तो म्हणाला. "बाकीच्यांकडे बघतो ना मी. ज्यांचं सगळं बोलून झालंय त्यांच्याकडे रविवारी येतात. म्हटलं, तू एकदा 'नाही' म्हणून मोकळी झालीस की..."

ग्लेनिसला ओरडावंसं वाटत होतं, त्याला धरून हलवावंसं वाटत होतं, त्याच्या शेजारी त्या अरुंद पलंगावर आडवं व्हावंसं वाटत होतं. एवढा अक्कलवान माणूस, आणि एवढी वर्षं, आणि त्याला हे वाटावं. आणि आपण तसं वाटू दिलं. तिने कस्टर्डच्या वाटीवरचं झाकण काढलं, चमचा घेतला, त्याला एक घास दिला. दुसरा घास तिने स्वतःच खाल्ला, कारण दुपारपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

"माझं आहे ते," लायल म्हणाला.

"गप्प बस."

वाटी दोघांनी मिळून संपवली. बाहेर अजून ऊन होतं.

"दे तिला," तो म्हणाला. "आणि ब्रुनोला म्हणावं, किटलीची वायर नको, आखूड पडेल. गॅरेजमध्ये वरच्या फळीवर लांबवाली आहे."

"सांगते."

"बाबा किती उंच आहेत तिचे?"

"धिप्पाड आहेत म्हणे."

"मग बसतील नीट."

तिने ताटली बाजूला केली, त्याची हनुवटी पुसली. एरवी या वेळी तो 'घरी कधी?' विचारायचा आणि ती पर्स उचलायची. पर्स पलंगाखाली होती. तिने ती उचलली नाही.

"मग आता उद्या काय विचारशील?" ती म्हणाली.

लायलने रिकाम्या वाटीत एकदा बघितलं.

"खुर्ची नीट गेली का ते."

"आणि परवा?"

"परवा," तो म्हणाला, "तू ये तर आधी. मग सुचेल काहीतरी."